आधी पाहणी, मग भिंत

अभ्यासासाठी वचने: नहेम्या २:११-१८, नहेम्या ३, २ करिंथ ८:१६-२१, प्रेषितांची कृत्ये ११:२७-३०



नेपाळहून परत आल्यापासून ज्या ज्या मंडळीत साक्ष द्यायला जाते, तिथे उपासनेनंतर चहाच्या वेळी दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "ताई, तुम्ही तिथे दिवसभर नेमके काय करत होता?" आणि दुसरा, "आमच्या तरुण संघाला अशा कामाला कधी नेता येईल?" पहिला प्रश्न कुतूहलाचा आहे, दुसरा मनापासूनचा. दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, म्हणून या अंकातील अभ्यासपाठ त्यावर घेतला आहे. पुढे वाचण्याआधी पवित्र शास्त्र उघडून वरील वचने एकदा वाचून घ्यावीत. कुटुंबप्रार्थनेत किंवा महिला संघाच्या सभेत हा पाठ दोन भागांतही घेता येईल.

पार्श्वभूमी

२५ एप्रिल २०१५ रोजी, नेपाळी वेळेनुसार सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी गोरखा जिल्ह्यातील बारपाक गावाजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. लोक सावरतात न सावरतात तोच १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. दोन्ही मिळून सुमारे नऊ हजार माणसे गेली आणि पाच लाखांच्या आसपास घरे पूर्णपणे पडली. सर्वांत जास्त मृत्यू सिंधुपाल्चोक जिल्ह्यात झाले, सुमारे साडेतीन हजार. काठमांडूच्या ईशान्येला तिबेटच्या सीमेपर्यंत पसरलेल्या या डोंगराळ जिल्ह्यात तामांग या आदिवासी जनजातीची वस्ती मोठी आहे.

तो शनिवार होता. नेपाळमध्ये तेव्हा साप्ताहिक सुट्टी शनिवारी असे, रविवारी कचेऱ्या आणि शाळा चालू असत. त्यामुळे हजारो वर्गखोल्या कोसळल्या तेव्हा त्या रिकाम्या होत्या. पण नेपाळी मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच असते. काही ठिकाणी भक्तिगीते चालू असतानाच छत आणि भिंती खाली आल्या. एकाच सुट्टीने मुले वाचली आणि त्याच सुट्टीने उपासक दगावले. याचा अर्थ लावायला मला अनेकदा सांगितले गेले आहे, पण मी तो लावत नाही. तिथल्या वडीलजनांनीही लावला नाही. त्यांनी आधी माणसे पुरली आणि मग ताडपत्र्या मोजायला घेतल्या.

आपल्यापैकी ज्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते, त्यांना घरे का पडली हे वेगळे सांगायला नको. लातूर-धाराशिवकडेही दगड-मातीच्या जाड भिंती होत्या आणि वर मातीच्या माळवदाचे ओझे होते. सिंधुपाल्चोकच्या डोंगरातही भिंती दगड-मातीच्याच. दगडावर दगड रचलेला, मधे चिखल, भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांना बांधणारा आरपार दगड नाही, कोपरे नुसते टेकवलेले. जमीन हलली की अशी भिंत पोटातून फुटते आणि आत झोपलेल्या माणसावर येते.

ग्रामीण रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी मिशनच्या विनंतीवरून मे २०१५ च्या अखेरीस तिथे गेले. बोलणे तीन महिन्यांचे झाले होते, पण राहिले तीन वर्षे. माझे काम घरे बांधण्याचे नव्हते. घरे बांधायला किंवा इतर मदतीला जे गट बाहेरून येत, त्यांची व्यवस्था लावणे हे माझे काम. गट महाराष्ट्रातून येत, मिझोरामहून येत, कोरियाहून आणि सिंगापूरहूनही येत. यजमान होती तिथली एक तामांग मंडळी. ती बोलवील तेव्हाच आणि सांगेल त्याच कामासाठी गट यायचा, हा पहिल्या दिवसापासूनचा करार होता.

एक दिवस

सकाळी पाच वाजता दिवस सुरू होई. प्रार्थनेनंतर पहिला फोन चालकाला, "रस्ता चालू आहे का?" जून ते सप्टेंबर पावसाळा. भूकंपाने सैल झालेले डोंगर पहिल्या जोराच्या पावसात खाली येत. रस्ता बंद असला तर त्या दिवसाची सगळी मांडणी बदलायची. दुसरा फोन गावातल्या मंडळीच्या वडिलांना. आज कोणाच्या घरी काम आहे, कोणाकडे मयत आहे, कोणाकडे पेरणी आहे, हे त्यांच्याकडून कळे. घरात सुतक असताना त्याच अंगणात हसत-खिदळत दगड वाहणारा गट नको, इतके साधे हे काम होते. पण ते कोणीतरी रोज करायला लागते.

साडेसहाला चिया, म्हणजे चहा. मग गटाबरोबर थोडक्यात वचन आणि प्रार्थना. त्यानंतर फळ्यावर नावे, कोण कुठे जाणार, बरोबर गावातला कोण असणार, परत किती वाजता. तिथे लोक सकाळी दहाच्या सुमारास डाळ-भाताचे पहिले जेवण घेतात आणि दुसरे संध्याकाळी. आपल्या मराठी गटांना आठ वाजता नाश्ता आणि एक वाजता जेवण लागते. दोन-तीन दिवस कुरकुर होई, मग पोटाला सवय लागे. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. "पंधरा मिनिटांनी काय होते?" म्हणणाऱ्यांची गाडी एकदा निघून गेली की तोही प्रश्न मिटे.

गट कामाला गेला की मी बहुतेक दिवशी त्यांच्याबरोबर जात नसे. माझी वाट सरकारी कार्यालय, लोखंड-पत्र्याचे दुकान आणि आरोग्य चौकी अशी असे. कार्यालयात कोणत्या वस्तीला कोणी काय दिले याची नोंद पाहायची आणि आपली नोंद करायची, म्हणजे एकाच वस्तीला तीन संस्थांच्या ताडपत्र्या आणि पलीकडच्या वस्तीला एकही नाही असे होत नसे. दुकानात पत्र्याचा भाव विचारायचा. आरोग्य चौकीत जाऊन येणाऱ्या गटातील डॉक्टरांचे कागद दाखवायचे, कारण परदेशी डॉक्टरला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी असल्याशिवाय रुग्ण तपासता येत नाही. ज्यांचे कागद झाले नसत, त्यांना मी नम्रपणे सांगे, "डॉक्टरसाहेब, या वेळी आपण पाणी गाळण्याचे शिकवू."

दुपार हिशोबाची. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० रुपये होतात. पावत्यांवर तारखा विक्रम संवताच्या, म्हणजे २०१५ चा भूकंप तिथल्या कागदात २०७२ सालचा. दोन चलने आणि दोन पंचांगे एकाच वहीत बसवायची. संध्याकाळी गट परते, हातांना फोड, पायांना जळवा. मलमपट्टी करता करता दिवसाचा आढावा घ्यायचा. काय झाले, काय राहिले, कोणी कोणाला काही कबूल केले का. हा शेवटचा प्रश्न मी रोज विचारी.

रात्री चपला आणि विजेरी दाराशी ठेवून झोपायचे. पहिल्या वर्षात ४ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे चारशेहून अधिक धक्के बसले. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात सीमेवरची वाहतूक अडली, डिझेल आणि गॅस मिळेना, सिलिंडर अर्धा भरून मिळू लागला. त्या महिन्यांत आम्ही एकही गट बोलावला नाही. चुलीचे सरपण गावाला पुरणे मुश्किल, त्यात दहा पाहुण्यांचा भात कोणी शिजवायचा? "या" म्हणणे सोपे असते. "आता येऊ नका" असे प्रीतीने लिहिणे हा माझ्या कामाचा मोठा भाग होता.

पहिला धडा: आधी पाहणी

नहेम्या यरुशलेमेला पोहोचला तेव्हा त्याच्याकडे राजाची पत्रे होती, लाकडाची परवानगी होती, मनात देवाने घातलेले काम होते. तरी तो तीन दिवस थांबला. मग रात्री थोडे लोक घेऊन निघाला आणि पडलेल्या तटाला वळसा घालत एकेक वेस पाहत गेला. एका ठिकाणी तर जनावराला पुढे जायला वाटही नव्हती. कोणाला काही सांगितले नाही. पाहून झाल्यावरच तो लोकांशी बोलला, आणि बोलला तेही "आपण बांधू या" असे सर्वांना बरोबर घेऊन.

आपत्तीच्या जागी पहिली भूक भाषणाची असते आणि दुसरी छायाचित्राची. पाहणी कोणालाच नको असते, कारण पाहणीत हात रिकामे दिसतात. पण पाहणीशिवाय गेलेली मदत कशी चुकते ते मी जवळून पाहिले आहे. मदतीच्या ढिगांत जुने कपडे येत, त्यात उंच टाचांचे बूट असत. मैदानी प्रदेशातली सुती पांघरुणे हिमालयाच्या थंडीत येत. ओझे वाहून नेण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होई. रस्ता संपला की पुढे सगळे माणसाच्या पाठीवर. डोको म्हणजे वेताची-बांबूची टोपली, तिचा पट्टा कपाळावर घ्यायचा, त्याला नाम्लो म्हणतात. कोणाच्या कपाळावर आपण काय चढवतो आहोत, हा विचार पाठवणाऱ्याने करायला हवा.

पाहणीत मी तीन गोष्टी विचारायची. पाणी किती आहे? शौचालये किती आहेत? वाट कशी आहे? मदतकार्यात सर्वत्र मानली जाणारी किमान मापे आहेत: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक शौचालय, माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा. ही मापे पीडितांसाठी आहेत, पण पाहुण्यांनाही लागू होतात. दहा जणांचा गट म्हणजे गावच्या झऱ्यावर रोज १५० लिटरचा भार. भूकंपानंतर डोंगरातले काही झरे आटले, काहींनी वाट बदलली. म्हणून गट दहापेक्षा मोठा नको, हा नियम आम्ही पाण्यावरून ठरवला होता.

दुसरा धडा: आपापल्या घरासमोर

नहेम्याचा तिसरा अध्याय आपण वाचताना बहुधा ओलांडून जातो, कारण त्यात नावांचीच यादी आहे. पण ती यादी सावकाश वाचावी. सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, याजक आहेत, व्यापारी आहेत. एका अधिकाऱ्याच्या मुलीही बांधकामाला आल्या आहेत. आणि पुन्हा पुन्हा एकच शब्दयोजना येते, अमक्याने आपल्या घरासमोरचा भाग बांधला. तट सर्वांचा, पण ज्याचे घर जिथे, त्याचा हात तिथे. बाहेरून आलेला नहेम्या स्वतः सगळा तट बांधायला बसला नाही.

याचा अर्थ मला एका घरावरून नीट समजला, तो प्रसंग सांगते.

नेपाळ सरकारने घर पडलेल्या कुटुंबाला तीन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान तीन हप्त्यांत द्यायचे ठरवले होते. करार झाला की पहिले ५० हजार. पाया आणि जोते नियमानुसार झाले आहे असे सरकारी अभियंत्याने येऊन पाहिले की दुसरे दीड लाख. भिंती छतापर्यंत आल्यावर पुन्हा तपासणी आणि उरलेले एक लाख. नियम साधे होते. कोपऱ्यांत उभ्या सळ्या, भिंतीत ठरावीक उंचीवर लाकडाचे किंवा काँक्रीटचे आडवे पट्टे, दोन्ही अंगे बांधणारे आरपार दगड. स्थानिक गवंड्यांना याचे सात दिवसांचे प्रशिक्षणही दिले जात होते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या मराठी मंडळ्यांमधून नऊ जणांचा गट आला. त्यात तीन चांगले गवंडी होते, एक वेल्डर, बाकीचे तरुण. दहा दिवसांची मुदत. एका विधवा तामांग आमांचे घर त्यांना नेमून दिले होते. तिथे आईला आणि आईच्या वयाच्या सर्व स्त्रियांना आमा म्हणतात. त्यांचा मुलगा आखातात मजुरीला. पहिला हप्ता मिळाला होता, त्यात पाया झाला होता, जोते झाले होते. पण गट पोहोचला तेव्हा अभियंत्याची तपासणी व्हायची होती. त्याच्याकडे कित्येक वस्त्या, आणि वस्तीपासून वस्तीपर्यंत चालत जायचे. तो कधी येईल ते सांगता येत नव्हते.

गटाला भिंत चढवायची होती. त्यांचा हात बसलेला, दगड तयार, हवा कोरडी. चार दिवसांत भिंत छतापर्यंत नेऊ, असे त्यांचे प्रमुख म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. पण जोते भिंतीखाली झाकले गेले आणि तपासणी अडली तर आमांचे दीड लाख अडणार, पुढचे एक लाखही अडणार. शिवाय आपल्या गवंड्यांना विटा-सिमेंटचा सराव, या पद्धतीचा नाही. मी नाही म्हटले. यजमान मंडळीच्या वडिलांनीही नाही म्हटले.

त्या रात्री जेवणानंतर प्रमुख भाऊ माझ्याजवळ येऊन बसले. वयाने माझ्याहून मोठे, मंडळीत मान असलेले. ते म्हणाले, "ताई, चाळीस घरांनी पोटाला चिमटा घेऊन आमचे भाडे दिले आहे. गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग सोनौली, मग ती बस. परत गेल्यावर त्यांना काय दाखवू? दगडांचा ढीग?"

मला त्यांचा राग आला नाही. ते आपल्या मंडळीशी प्रामाणिक राहू पाहत होते. मी म्हटले, "भाऊ, ढीगच दाखवा. आणि आमांना अडीच लाख का मिळाले, तेही सांगा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यासमोर सर्वांत आधी तेच येऊन उभे राहिले. पुढचे नऊ दिवस गटाने दगड वाहिले, लांब दगड आरपार घालण्यासाठी वेगळे काढून रचले, माती चाळली, शेजारच्या चार कुटुंबांचे पाये खणले आणि झऱ्यावरून येणारा फुटलेला नळ दुरुस्त केला. आपल्या वेल्डरने गावातल्या दोन मुलांना सळ्या वाकवायला शिकवले. गट गेल्यावर पाच दिवसांनी अभियंता आला, जोते पास झाले. भिंत गावातल्या प्रशिक्षित गवंड्यांनी चढवली, ती पाहायला गटातले कोणी नव्हते. छत घातले त्या दिवशी मी आमांकडे होते. त्या मला म्हणाल्या, "ते लोक भिंत न बांधता गेले म्हणून मला वाईट वाटले होते. आता वाटते, ते माझे घर मला ठेवून गेले."

नहेम्या ३ मधली ती यादी मला तेव्हापासून रटाळ वाटत नाही.

तिसरा धडा: माणसांसमोरही चोख

यहूदीयात दुष्काळ पडणार हे कळल्यावर अंत्युखियाच्या शिष्यांनी प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे मदत ठरवली आणि ती बर्णबा व शौल यांच्या हाती पाठवली. पुढे २ करिंथ ८ मध्ये पौल मोठ्या वर्गणीविषयी लिहितो. तो तीताबरोबर आणखी भाऊ पाठवतो. कारणही सांगतो की, एवढ्या रकमेबद्दल कोणी आपल्याकडे बोट दाखवू नये, आणि देवासमोर जे योग्य ते माणसांसमोरही योग्य दिसावे. प्रेषित असूनही पौलाने एकट्याने थैली उचलली नाही.

आमच्याकडे नियम असा होता की, रोख रक्कम मोजताना दोन माणसे, त्यातला एक गावचा. पत्रे उतरताना मालाच्या वहीवर तीन सह्या, चालकाची, मंडळीच्या वडिलांची आणि मंडळीत नसलेल्या एका गावकऱ्याची. वाटपाची यादी वाटपाच्या आदल्या दिवशी चौकात लावायची, म्हणजे हरकत असेल तर ती आधी येते, भांडण नंतर होत नाही. एकदा एका घराचे नाव दोनदा आले होते, बापाच्या नावे आणि मुलाच्या नावे. ते एका म्हातारबाबांनी यादी वाचून घेताना सांगितले. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हते, पण गावात चुली किती ते पाठ होते.

कोणत्याही गटाने कोणाच्या हातात खाजगी पैसे ठेवायचे नाहीत, हा नियम गटांना सर्वांत कठीण जाई. समोर रडणारी बाई असते, खिशात पाचशेची नोट असते. पण गट गेल्यावर त्या बाईकडे शेजारी कसे पाहतात, हे गट पाहत नाही. देण्याची इच्छा झाली तर ती मला सांगायची, मी वडिलांना सांगायची, आणि मदत मंडळीमार्फत जायची. थोडा उशीर होई, पण त्या बाईची मान खाली जात नसे.

चौथा धडा: ताटात भेद नको

वस्तीत वीस घरे असली तर त्यात आठ विश्वासणाऱ्यांची, बाकी बौद्ध किंवा हिंदू, असे चित्र सामान्य होते. पत्रे फक्त आठ घरांना द्यावेत असे आम्हांला पैसे पाठवणाऱ्या काहींनी सुचवले. तामांग मंडळीने ते मानले नाही. वडिलांचे कारण सरळ होते. एकाच डोंगराने सगळ्यांची घरे पाडली, आता पत्रा निवडून दिला तर पुढची शंभर वर्षे हा गाव दुभंगलेला राहील. ज्यांची घरे सर्वांत वाईट, ज्यांच्याकडे कमावता माणूस नाही, म्हातारे आणि अपंग आहेत, त्यांची नावे आधी, इतकाच क्रम राहिला. पहिल्या यादीत वर आले ते गावच्या लामांचे घर.

यात कायद्याचाही भाग आहे. २० सप्टेंबर २०१५ रोजी लागू झालेल्या नेपाळच्या संविधानाच्या कलम २६ नुसार दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे. त्यामुळे मदतीच्या वेळी पत्रके वाटू नयेत असे आम्ही प्रत्येक गटाला सांगत असू. पण कायदा नसता तरी हेच सांगितले असते. भुकेल्या माणसाला "हो" म्हणायला लावणे सोपे आहे, आणि त्या "हो" ला किंमत नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमीला पांथशाळेत नेले, दोन चांदीची नाणी दिली, आणि दाखल्यात त्याने जखमीला त्याची जात किंवा श्रद्धा विचारल्याचे कुठेही नाही.

पाचवा धडा: निघण्याची तयारी

मी २०१८ मध्ये परत आले. त्याआधीचे जवळजवळ पूर्ण वर्ष माझे काम दुसऱ्यांना देण्यात गेले. फळ्यावर नावे लिहिणे एका तरुण बहिणीकडे, मालाची वही दुसऱ्याकडे, गटांशी पत्रव्यवहार मंडळीच्या शिक्षकांकडे. शेवटच्या तीन महिन्यांत मी फक्त चिया करत होते आणि विचारले तरच बोलत होते. हे सोपे नव्हते. रोज पाच वाजता जाग येई आणि फोन करायला हात जाई. पण समन्वय करणाऱ्याचे काम त्याच्याशिवाय चालू लागेपर्यंत पूर्ण झालेले नसते. नहेम्यानेही तट ५२ दिवसांत पूर्ण झाल्यावर वेशींचा कारभार आपल्या भावाकडे आणि हनन्याकडे सोपवला.

आपल्या पाड्यांसाठी

हा पाठ नेपाळपुरता नाही. आपल्या सातपुड्यातल्या आणि पालघरकडच्या पाड्यांवर दर वर्षी शहरातल्या मंडळ्यांचे गट येतात. नाताळला ब्लँकेट येतात, उन्हाळ्यात वैद्यकीय शिबिर होते, पावसाळ्यात पूर आला की गाड्या भरून सामान येते. देणाऱ्यांचे मन मोठे आहे, त्याबद्दल देवाची स्तुती असो. पण पाड्यावरच्या कारभाऱ्याला आधी विचारले का? भात लावणीच्या दिवसांत शिबिर ठेवले तर बाया शेत सोडून येतील का? औषध दिल्यावर पंधरा दिवसांनी ते संपले तर पुढचे कोण देणार? मुलांना गाडी दिसली की गोळ्यांसाठी धावायची सवय आपण लावतो आहोत का? हे प्रश्न विचारून आलेला गट पाड्याला भारी होत नाही.

म्हणून "आमच्या तरुण संघाला कधी नेता येईल?" या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. जरूर यावे. पण त्याआधी दोघांनी येऊन तीन दिवस राहावे, पाहावे, कोणाला काही कबूल करू नये. मग पाड्याने सांगितलेले काम घेऊन दहाच्या आत माणसांनी यावे. त्या कामात दगडच वाहायचे असतील तर दगड वाहावेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. नहेम्या २:११-१६ मध्ये नहेम्या कोणाशीही न बोलता पाहणी का करतो? आपल्या मंडळीने अलीकडे केलेल्या एखाद्या मदतीआधी अशी पाहणी झाली होती का?

२. नहेम्या ३:५ मध्ये तकोवाच्या प्रतिष्ठितांविषयी काय सांगितले आहे? मदतकार्यात कोणते काम आपल्याला कमीपणाचे वाटते?

३. २ करिंथ ८:२०-२१ प्रमाणे आपल्या मंडळीच्या मदतनिधीचा हिशोब कोण कोण पाहतो? निधी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी कोणी पाहतो का?

४. गटाच्या प्रमुख भावांच्या जागी आपण असतो तर परत आल्यावर मंडळीला काय सांगितले असते?

५. आपण ज्या पाड्याला मदत करतो, तिथले काम आपल्याशिवाय चालावे यासाठी या वर्षी कोणती एक जबाबदारी तिथल्या माणसाकडे देता येईल?

प्रार्थनाविषय

सिंधुपाल्चोकच्या डोंगरांत पावसाळ्यात दरडींच्या भीतीत राहणाऱ्या कुटुंबांसाठी प्रार्थना करा. कमावते हात परदेशात मजुरीला गेलेल्या घरांतील म्हाताऱ्यांसाठी आणि मुलांसाठी प्रार्थना करा. आपल्या क्षेत्रातील पाड्यांवर काम करणाऱ्या सेवक-सेविकांना "आता येऊ नका" असे सांगण्याचे धैर्य आणि ते ऐकणाऱ्या मंडळ्यांना समजूत मिळावी म्हणून प्रार्थना करा. आणि पुढच्या हिवाळ्यात सेवेला निघणाऱ्या तरुणांसाठी प्रार्थना करा, की त्यांचे हात मजबूत व्हावेत आणि त्यांना थांबताही यावे.